पान चौदावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना जेलीग्राफ आहे. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. माझ्यासारखे आता उरलेच किती! घासलेटच्या डब्याचा पत्रा सरळ करून त्याचं बोटभर काठाचं ताट केलं, त्यात सरस आणि ग्लिसरीन एकत्र शिजवून ओतलं, ते थिजलं आणि मी झालो. पत्रा शहापूरच्या बाजारात ठोकून घेतला, सरस सुताराकडून आला आणि ग्लिसरीन दवाखान्यातून. मी थिजत पडलो होतो तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं डोकावून विचारत होती, "खरवस केलाय का?" तेव्हापासून शहापुरात माझं नाव खरवसच पडलं. मला ते मुळीच आवडत नाही.

माझा स्वभाव जळका आहे, हेही आधीच सांगून टाकतो. पुढे तुम्हाला कळणारच आहे, तर माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

माझं काम असं. एका खास जांभळ्या शाईनं गुळगुळीत कागदावर मजकूर लिहायचा. तो कागद माझ्या अंगावर पालथा घालायचा, तळव्यानं हलकेच दाबायचा आणि उचलायचा. शाई माझ्यात उतरते. मग एकेक कोरा कागद माझ्यावर ठेवून उचलला की त्यावर तोच मजकूर उमटतो. चाळीस प्रती सहज निघतात. पन्नासाव्या प्रतीपर्यंत मी थकतो. काम झालं की मला कोमट पाण्यानं स्पंजनं पुसायचं आणि दिवसभर पडू द्यायचं, म्हणजे उरलेली शाई खोल जिरते आणि अंग पुन्हा कोरं होतं.

मला बनवलं ते कमळाकरनं आणि सावळारामनं, १९३६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत. कमळाकरच्या वडिलांचं शहापुरात किराणा मालाचं दुकान होतं आणि सावळाराम मुरबाडकडच्या साजवाडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. दोघंही मुंबईला कायद्याच्या कॉलेजात शिकत होते. त्यांना एक खूळ लागलं होतं. कॉलेजातल्या पुस्तकांत विलायतेतल्या विहिरींचे आणि कलकत्त्याच्या हवेल्यांचे निवाडे होते, पण बांधावरच्या आंब्याचा मोहोर कुणाचा, काळू नदीच्या डोहात मासे कुणी धरायचे, पाणवठ्यावर जाणारी वाट कुणाच्या शेतातून जायची, यावर एक ओळही नव्हती. ती आपणच लिहायची, असं ठरवून त्यांनी पत्रिका काढली. तिचं नाव ‘तालुका न्यायपत्रिका’. दोनच तालुके, शहापूर आणि मुरबाड. वर्षातून तीन अंक, सुट्टीत. आणि छापणारा एकटा मी, दुकानामागच्या खोलीत, मिरच्यांच्या पोत्यांशेजारी.

संपादक कमळाकर. त्याचा एकच नियम होता, आधाराशिवाय वाक्य नाही. लेखात काहीही लिहा, खाली टीप हवी. पुस्तकाचं पान, निवाड्याचं साल, नाहीतर सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि वय. कल्याणच्या एका मोठ्या वकिलांनी आपणहून लेख पाठवला, तर या दोघा पोरांनी तो परत केला, कारण त्यात सतरा ठिकाणी ‘सर्वांना माहीतच आहे’ असं लिहिलं होतं. वकीलसाहेब फार चिडले. मी मात्र त्या दिवशी खूप खूश होतो. इतक्या कडक संपादकाचा छापखाना होणं ही काय साधी गोष्ट आहे?

पहिली दोन वर्षं माझी चैनीत गेली. मे महिन्यात मी उकाड्यानं पातळ व्हायचो, तेव्हा मला ओल्या गोणपाटावर ठेवत आणि वर केळीचं पान झाकत. वकील, शिक्षक, मामलेदार कचेरी, सगळीकडे माझ्या जांभळ्या प्रती जायच्या. कुणी वाखाणलं की कमळाकर माझ्या काठावर टिचकी मारून म्हणायचा, "खरवस, शाब्बास." त्या क्षणापुरतं ते नावही मला चालायचं.

१९३८च्या दिवाळीत माझ्या सुखाला दृष्ट लागली. कमळाकर कल्याणहून एक नमुन्याचा कागद घेऊन आला. शिशाच्या खिळ्यांनी छापलेला. काळीभोर अक्षरं, एकाच उंचीची, ओळी आखल्यासारख्या सरळ. दुकानातला नोकरसुद्धा येऊन पाहून गेला. सावळारामनं त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि बोटाला काही लागलं नाही म्हणून पुन्हा फिरवलं. माझ्या प्रतीवर असं बोट फिरवलं तर बोट जांभळं होतं.

"या खेपेचा अंक छापखान्यात द्यायचा," कमळाकर म्हणाला. "दोनशे प्रती. राबावरचा लेख आहे, तो असा जांभळ्या कागदावर नाही निघायचा."

‘असा’ म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं मी राबलो, आणि एक कागद काय आला, मी ‘असा’ झालो! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. तो छापखाना मी कधी पाहिला नव्हता, पण त्याचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटू लागलं. त्याचे खिळे उलटे लागोत, त्याची शाई फासटो, त्याच्या दोनशेच्या दोनशे प्रती फुकट जावोत. बसल्या जागी मी एवढंच करू शकत होतो, आणि ते मी सकाळ-संध्याकाळ करत होतो.

आता राबावरचा लेख म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे भाताची रोपं टाकायची त्या जागेवर उन्हाळ्यात पालापाचोळा आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप जोर धरत नाही. फांद्या बहुतेक ऐनाच्या. साजवाडीच्या मागे ऐनांचा एक पट्टा होता, तिथून वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राब आणत होती. पुढे कधीतरी जंगल खात्याच्या हद्दीचे दगड सरकले आणि तो पट्टा राखीव जंगलात गेला. फांद्या छाटणं गुन्हा झाला. छाटणं काही थांबलं नाही, नुसतं गुपचूप झालं. ही वहिवाट जुनी आहे, दगड नवे आहेत, हे सावळारामला लेखात दाखवायचं होतं. त्यासाठी त्यानं वाडीतल्या अकरा जणांच्या साक्षी लिहून घेतल्या. सातवी साक्ष त्याच्या सख्ख्या आत्याची, सकुबाईची. नवऱ्यामागं तिनं एकटीनं शेत सांभाळलं होतं.

छापखान्यात द्यायच्या आधी कच्च्या प्रती काढायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं. मोठ्या घरी लग्न आणि मला पत्रावळी उचलायला सांगितल्यासारखं ते होतं. पान चौदावर खाली टिपा होत्या, नाव, गाव, वय. आत्याचं नाव लिहिताना सावळारामची लेखणी अडखळली, म्हणून त्यानं ते दुसऱ्यांदा गिरवलं. बाकीच्या नावांपेक्षा ते नाव माझ्यात खोल गेलं.

ती प्रत घेऊन सावळाराम साजवाडीला गेला. ज्याची साक्ष त्याला वाचून दाखवायची, ही त्यांची पद्धत. परत आला तो सकुबाईला बैलगाडीतून सोबत घेऊनच. ती खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि सरळ कमळाकरशी बोलली.

"लिवलंय ते खरं हाय. त्यात एक सबुद खोटा नाय. पन नाव कशाला रे बाबा? जंगलाचा गारद वाचंल, मना धरंल. औंदाचा राब गेला तं मी खाऊ काय?"

"आत्याबाई, नावाशिवाय आधार कसला?" कमळाकर म्हणाला. "कुणीही म्हणेल, मनचं लिहिलंय."

"तुजा आधार माज्या मानेवर ठेवतोस व्हय?"

नाव घालायचं नाही असं सावळारामनं तिला वचन दिलं. टिपांत नुसतं लिहायचं, साक्षी क्रमांक अमुक, मुरबाड तालुका. बाकीच्या दहा जणांचंही तसंच करायचं ठरलं. सकुबाईनं दुकानातून मीठ घेतलं आणि ती गेली.

पान चौदा नव्यानं लिहिलं. संध्याकाळच्या गाडीनं सावळारामला कल्याण गाठायचं होतं आणि आसनगाव स्टेशन गाठायला टांगा दारात उभा होता. पाणी गरम करायला वेळ नव्हता. त्यानं मला रांजणातल्या थंड पाण्यानं दोन हात मारून पुसलं आणि लगेच नवं पान माझ्यावर पालथं घातलं. थंड पाण्यानं शाई नीट सुटत नाही हे खरं. पण मित्रांनो, मी सगळा दोष पाण्यावर ढकलणार नाही. दहा नावं मी सोडली. अकरावं सोडावंसं मला वाटलं नाही. ती प्रत त्या छापखान्याकडे चालली होती, आणि काहीतरी बिघडावं एवढीच माझी इच्छा होती. काय बिघडेल आणि कुणाचं, याचा मी विचार केला नाही. उठवलेल्या प्रतीत, नव्या मजकुराशेजारच्या कोऱ्या जागेत फिकट जांभळं उमटलं, सकुबाई, राहणार साजवाडी, वय सुमारे पन्नास. सावळारामनं शाई वाळायची वाट न पाहता कागद गुंडाळला.

कल्याणच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं ते फिकट नाव भिंग लावून वाचलं असणार. मागाहून भरलेला मजकूर समजून त्यानं तो नेमका जुळवला. मुद्रित तपासायला कमळाकरकडे आलं. त्यानं एकेक टीप मूळ प्रतीशी ताडून पाहिली, अक्षर अन् अक्षर. मूळ प्रतीत नाव होतं, मुद्रितातही होतं, म्हणून त्यानं बरोबरची खूण केली. उलट, आत्याबाईंनी मागाहून मन बदललं असावं, निदान एक साक्षीदार तरी नावाला कबूल झाली, म्हणून त्याला बरंच वाटलं. सावळारामला विचारावं हे त्याच्या मनातही आलं नाही. आधार जुळला की त्याचं काम संपायचं.

नाताळच्या सुट्टीत अंकाचा गठ्ठा आला. दोनशेपैकी सहा प्रती छापखान्यानं परस्पर टपालानं पाठवल्या होत्या, त्यातली एक जंगल खात्याच्या कचेरीला. तिथून वर्गणी आली म्हणून कमळाकरनं महिनाभर मिरवलं होतं. सावळारामनं गठ्ठा सोडला, प्रतीचा वास घेतला, पानं उलटली आणि पान चौदावर थांबला.

"हे कुणी घातलं?" त्यानं विचारलं.

"मूळ प्रतीत होतं," कमळाकर म्हणाला.

सावळारामनं मूळ प्रत शोधून उजेडात धरली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मीच पुसलं नाही नीट," तो म्हणाला. त्यानं मला दोष दिला असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. मला हवं होतं ते झालं होतं, छापखान्याचा अंक नासला होता, आणि मला त्याचा काडीचाही आनंद होईना.

"शुद्धिपत्र काढू," कमळाकर म्हणाला. "पान चौदा, टीप सात. अमुक छापलं आहे, ते गाळून अमुक वाचावे."

"म्हणजे जे गाळायचं ते पुन्हा छापायचं? दोनशे जणांना तिचं नाव दुसऱ्यांदा सांगायचं?"

नियमाप्रमाणे शुद्धिपत्रात चुकीचा मजकूर द्यावाच लागतो, आणि कमळाकरनं आजवर एकही नियम मोडला नव्हता. तो खाली बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला. त्याचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

चार दिवसांनी खोलीच्या दाराशी एक बैलगाडी थांबली. सकुबाई उतरली, आणि तिच्यामागून साक्ष दिलेली वाडीतली बाकीची दहा माणसं. फांद्या छाटल्याबद्दल सकुबाईला मामलेदार कचेरीत हजर राहण्याचा कागद आला होता. ती सावळारामवर ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं तो कागद नुसता त्याच्या हातात दिला.

"सावळ्या, तू सबुद दिला व्हतास," ती म्हणाली.

त्या दहांत कोंडू नावाचा म्हातारा होता. बसता बसता तो म्हणाला, "तुमच्या बुकात एकलीचं नाव हाय. एकलीनं फांदी छाटली तं ती चोरी झाली. आमी समद्यांनी छाटली तं मंग ती काय म्हनायची? तुमी शिकल्यालं, तुमी सांगा."

"वहिवाट," कमळाकर हळूच म्हणाला.

"मंग आमचीबी नावं घाला."

"नगो," सकुबाई म्हणाली. "माजी आग माज्यापाशी ऱ्हाऊ दे. पोराबाळांची घरं हायती तुमची."

"तू गप ऱ्हा गो," हौसा नावाची बाई म्हणाली. "तुज्या मागं मीबी ऐनावर चढत व्हते. आता काय खाली उतरू?"

कमळाकरनं कागद पुढ्यात ओढला. एकेकाला त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. "नाव घालू ना?" असं त्यानं दहाही वेळा विचारलं. हे त्यानं आधी कधी विचारलं नव्हतं. मग त्यानं स्वतः चुलीवर पाणी तापवलं, बाह्या सारल्या आणि मला पुसलं. इतक्या हळुवारपणे मला कुणी पुसलं नव्हतं. एका कागदावर चार चिठ्ठ्या बसतील असं लिहून त्यानं पन्नास कागद उठवले. पान चौदा, टीप सातच्या पुढे हीही नावे वाचावीत, आणि खाली दहा नावं. चाळिसाव्या कागदाशी मी थकलो होतो, पण त्या दिवशी मी माझ्यात होतं नव्हतं ते सगळं काढून दिलं.

चिठ्ठ्या कापून वाडीतल्या माणसांनीच खळीनं चिकटवल्या. टपालानं गेलेल्या सहा प्रतींसाठी सहा चिठ्ठ्या पत्रांसोबत गेल्या. छापखान्याच्या काळ्याभोर पानाच्या खाली माझी जांभळी पट्टी लागली. खरं सांगू? तेव्हाही मला त्या पानाचा हेवा वाटला. मी त्याच्या पानात पाहुणा आणि तो घरचा मालक!

पुढचं मला सावळारामच्या तोंडून कळलं. कचेरीत सकुबाईचं नाव पुकारलं तेव्हा अकरा जण उभे राहिले. जंगल खात्याचे साहेब म्हणाले, कागद एकीचाच आहे. मामलेदारांनी अंक मागवला, पान चौदा काढलं, चिठ्ठी वाचली आणि एकेक नाव पुकारलं. एकेक ‘जी’ आला. मामलेदार म्हणाले, हा चोरीचा मामला दिसत नाही, वहिवाटीचा दावा दिसतो, त्याची आधी चौकशी होऊ द्या. कागद वर गेले आणि अशा चौकश्या जातात तशी ती वर्षानुवर्षं वरच राहिली. सकुबाईनं त्या साली राब भाजला, आणि त्यापुढच्या साली, आणि ती होती तोवर दर साली.

मग लढाई आली. कागद मिळेना, कॉलेजातली मुलं पांगली, पत्रिका बंद पडली. मला माळ्यावर टाकलं. सरस खाण्याजोगा असतो हे उंदरांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी माझ्या कडा खाल्ल्या. मधे मी सुकलो, तडकलो. वीस वर्षांत टिचकी मारायला कुणी आलं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी सावळाराम आला. आता तो मुरबाडला वकिली करतो, केस पिकले आहेत. जुने अंक शोधायला तो माळ्यावर चढला आणि गठ्ठा उजेडात नेऊन त्यानं पान चौदा उघडलं. टीप सातमधलं नाव जसंच्या तसं होतं, काळं, ठसठशीत, कालच छापल्यासारखं. खालची चिठ्ठी कोरी होती. जांभळी शाई टिकत नाही, मित्रांनो. ती दमट हवेत विरते, उजेडात उडते. सावळारामनं दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. सगळीकडे तेच. त्यानं बोटांवर नावं आठवायला सुरुवात केली. सातापर्यंत आला आणि अडकला. सकुबाईला विचारावं तर ती दोन वर्षांपूर्वीच गेली. तो तिथंच पायरीवर बसून राहिला.

आता ते पुस्तक जो कुणी उघडेल त्याला काय दिसेल? साजवाडीत एक बाई होती आणि तिनं एकटीनं राखीव जंगलातल्या फांद्या छाटल्या. माझ्या जळक्या स्वभावानं ते नाव तिथं नेलं, आणि माझ्या कच्च्या शाईनं तिला तिथं एकटं सोडलं. त्या छापखान्याचा हेवा मला आजही वाटतो, पण तो आता वेगळ्या कारणासाठी. त्याच्यासारखं टिकायला मला फक्त त्या एका चिठ्ठीपुरतं जमायला हवं होतं.

तेव्हा मित्रांनो, माझं एक ऐका. एखाद्या वाचनालयात तो अंक तुमच्या हाती लागला, तर पान चौदावरची ती कोरी पट्टी रद्दी समजून ओरबाडू नका. छापखान्याला एकच नाव माहीत आहे. उरलेली माझ्यात खोल जिरलेली आहेत, ती उंदरांनाही खाता आली नाहीत. टोक केलेली पेन्सिल घ्या, दाबून लिहा, मी सांगतो. दामू. कोंडू. हौसा. मैना. बुधू. रंगू. अंबूबाई. कान्हा. बुधी. जनी.